बिब्ब्याचा वारा

माझी आई मला हात लावत नव्हती. रागाने नाही, मायेनेच, आणि तेच मला जास्त झोंबायचं. राग असता तर भांडता आलं असतं. मायेशी कसं भांडायचं हे मला तिशी आली तरी जमलेलं नव्हतं, आणि भांडण्यात मी काही कच्ची नाही. मेहकरच्या ज्या लॅबमध्ये मी रक्त काढायचं काम करते, तिथे पेशंट सुईला घाबरत नाहीत एवढे मला घाबरतात.

आमचं गाव लोणारहून थोडं आत. गावात आमची गल्ली गोडंबीची. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. थंडीत लाडवात घालून लोक मिटक्या मारत खातात, पण तो बाहेर कसा निघतो हे खाणाऱ्याला ठाऊक नसतं. हातांना तेल चोपडायचं, राखेत हात घोळायचे, एकेक बिब्बा दगडावर उभा धरायचा आणि वरून हाणायचं. फुटताना आतलं काळं तेल उडतं. ते कातडीला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चामडी लाल होते, फोड येतात, खाजून खाजून जीव नकोसा होतो. याला बिब्बा उतला म्हणतात. माझी आई, सरस्वतीबाई, लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हापासून गोडंबी फोडते. तिची बोटं काळी आहेत आणि ती आता काळीच राहणार. बाबा, कडूबा त्यांचं नाव, घरामागच्या जमिनीच्या तुकड्यात वांगी-मिरची लावतात आणि गल्लीतल्या बायकांच्या तोंडी लागत नाहीत.

या गल्लीत कोणाचं काहीही सुजलं की आळ बिब्ब्यावर. गांधीलमाशी चावली तरी बिब्बा, दात दुखला तरी बिब्बा. शिवाय काही माणसं म्हणे इतकी नाजूक असतात की त्यांना बिब्बा शिवावाही लागत नाही. नुसता वारा लागला तरी उततो. हे सगळ्यांना इतकं पक्कं माहीत होतं की कोणी कधी तपासून पाहिलं नाही.

मी आठेक वर्षांची असताना माझा ओठ पहिल्यांदा सुजला. सकाळी थोडासा, दुपारपर्यंत एवढा की मला पाणी पिता येईना. तीन दिवसांनी आपोआप उतरला. मग कधी डोळा, कधी हाताचा पंजा, कधी पाऊल. आई आम्हा पोरांना फोडायच्या जागेकडे फिरकूही देत नसे, मी तर बिब्ब्याला कधी बोटही लावलं नव्हतं. मग झालं काय? वारा लागला. आणि वारा कोणाच्या अंगाचा? आईच्याच ना. तिच्या हातांचा, तिच्या लुगड्याचा, तिच्या अंथरुणाचा.

आईने आधी काम बंद करून पाहिलं. पण हात काळेच राहिले, आणि मी सुजायची ती सुजायचीच. मग तिने मला मेहकरला मामाकडे ठेवलं. उकंडरावमामा बाजार समितीत कारकून होते. मामीने मला जेवू घातलं, शाळेत घातलं, कधी उणं बोलली नाही. तिच्याविरुद्ध माझी एकही तक्रार नाही, आणि हीसुद्धा एक अडचणच आहे. दुष्ट मामी असती तर निदान मोकळेपणाने रडता आलं असतं.

मेहकरलाही मी सुजतच राहिले. इथे कोणीतरी थांबून विचार करायला हवा होता की बिब्बा तिकडे राहिला आणि पोरगी इकडे सुजते ती कशी. पण दर वेळी कारण सापडायचं. आई गेल्या आठवड्यात भेटायला आली होती, तिचा वारा लागला. आईने शिवलेला फ्रॉक घातला, त्याला वास होता. आईने शेंगदाणे पाठवले, ते तिच्याच हातचे. मग आईने फ्रॉक शिवणं सोडलं. मग शेंगदाणे पाठवणं सोडलं. मग येणंही सोडलं. माझ्या प्रत्येक सुजेबरोबर आई माझ्या वाटणीची थोडी थोडी कमी होत गेली.

दिवाळीत मी गावी जायची. समोरच्या घराच्या ओट्यावर माझ्यासाठी सतरंजी टाकलेली असायची. आई आमच्या दारात बसायची, दोन्ही हात पदराखाली. मधून गल्ली. गल्लीतून शेळ्या जायच्या, सायकली जायच्या, आणि आम्ही मोठ्याने बोलायचो.

"जेवली काय वं?"

"जेवले."

"शाळेत जातं ना बराबर?"

"जाते ना माय."

सगळ्या गल्लीने ऐकावं असं बोलणं किती करणार? थोड्या वेळाने आम्ही नुसत्याच एकमेकींकडे बघत बसायचो. माझा धाकटा भाऊ सागर तिच्या मांडीवर डोकं ठेवून लोळायचा. त्याला काही होत नव्हतं. मला त्याचा इतका राग यायचा की मी एकदा त्याला दगड मारला होता, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

मोठी झाले, डिप्लोमा केला, लॅबला लागले. दिवसभर परक्यांचे हात हातात घ्यायचे, शीर चाचपायची, "मूठ वळा, बाबा" म्हणायचं. कितीतरी म्हाताऱ्या बाया सुई टोचताना माझं मनगट घट्ट धरतात. मी रागावते, "हात सोडा मावशी, काम करू द्या." पण खरं सांगायचं तर त्यांनी लगेच सोडलेला मला आवडत नाही.

सूज आली की मी ॲलर्जीचं इंजेक्शन घ्यायची. त्याने कधीही फरक पडला नाही. सूज तिची ती चढायची, तिची ती उतरायची. दोन ठिकाणची लग्नं त्यापायी मोडली. एकदा तर मुलाकडचे चहा घेत असताना माझा डावा डोळा मिटत गेला आणि मुलाची आई कप खाली न ठेवताच उठली. त्याबद्दल मला विशेष दुःख नाही. तो मुलगा चहा बशीत ओतून फुरके मारत होता.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझी अक्कलदाढ काढली. दुपारी काढली, दुसऱ्या दिवशी सकाळी गाल फुगला, मग ओठ, मग जीभ. लॅबमध्ये शेखरसर, म्हणजे आमचे मालक, माझ्याशी बोलत होते आणि माझा आवाज बेडकासारखा निघायला लागला. त्यांनी तडक गाडी काढली. जालन्याच्या पुढे गेल्यावर मला श्वास घेताना शीळ ऐकू यायला लागली. संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात माझ्या घशात नळी घातली. मामा धावत आले आणि डॉक्टरांना सांगू लागले, "हिला बिबा उतते साहेब. हिच्या मायचा धंदा गोडंबीचा. कोण्यातरी पेशंटनं लाडू चारला असन."

नळी निघाली त्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई माझ्या खाटेशी येऊन बसल्या. डॉक्टर स्वरदा. वयाने माझ्याहून लहानच असतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"खाजतं का हो सुजल्यावर?"

मी नाही म्हटलं.

"कधीच नाही? फोड? पुरळ?"

"नाही. नुसतं फुगतं. तडतड होते."

"मग हा बिब्बा कसा?"

वीस-बावीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं, आणि मी तर लॅबमध्ये काम करते. घसा दुखत होता तरी मी म्हटलं, "मग काय आहे?"

त्यांनी माझं रक्त बर्फात ठेवून तपासणीला पाठवलं. निकाल आल्यावर पुन्हा येऊन बसल्या आणि मी त्यांच्याच क्षेत्रातली आहे असं समजून बोलल्या, त्याचं मला बरं वाटलं.

"दोन वेगळ्या गोष्टी आहेत, संजीवनी. आधी बिब्बा समजून घ्या. आपल्या कातडीत डेंड्रायटिक पेशी असतात, फांद्यांसारखे हात पसरून बसलेल्या. बाहेरचं काही आत आलं की त्या ते पकडतात, त्याचा तुकडा अंगावर घेतात आणि काखेतल्या, मानेतल्या गाठींकडे चालत निघतात. तिथे टी-पेशी असतात. त्यांना तो तुकडा दाखवतात, की हे बघा, हे ओळखून ठेवा. शिकवायचं कामच त्यांचं. जंतूंविरुद्ध हेच आपल्याला वाचवतं. बिब्ब्याच्या तेलाबाबत तेच शिक्षण जरा अंगाशी येतं, एवढंच. म्हणून पहिल्यांदा लागला तर लगेच काही होत नाही. शिकायला आठ-दहा दिवस जातात. पुढच्या वेळी लागला की दीड-दोन दिवसांत टी-पेशी तिथे पोचतात, मग लाली, फोड, खाज."

"आणि माझं?"

"तुमचं कॉम्प्लिमेंट नावाच्या यंत्रणेकडचं आहे. त्या पेशी नाहीत, रक्तात विरघळलेली प्रथिनं आहेत. तीसेक असतील. एरवी झोपलेली. जंतू दिसला की पहिलं जागं होतं, ते दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला. काही जंतूवर खूण करतात, म्हणजे तो पेशींना, डेंड्रायटिक पेशींनासुद्धा, चटकन गिळता येतो. काही मदतीला बोलावतात. शेवटची काही मिळून जंतूच्या अंगाला भोक पाडतात. काम झपाट्याचं. पण एवढ्या झपाट्याला लगाम लागतो. तो लगाम म्हणजे सी-वन इनहिबिटर नावाचं एक प्रथिन. तुमच्याकडे ते जन्मापासून कमी आहे. तेच प्रथिन आणखी एका साखळीलाही आवरून धरतं, आणि ती साखळी सुटली की बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. तीच तुमची सूज. दात काढला, मार लागला, मनाला ताण आला की सुटते. ॲलर्जीच्या इंजेक्शनला ती जुमानणार नाही."

म्हणजे माझ्या फौजेत शिपाई भरपूर, फक्त "थांबा रे" म्हणणारा हवालदार रजेवर. त्यांनी रोजची एक गोळी लिहून दिली, घसा धरला तर क्षणभरही न थांबता कुठे जायचं ते बजावलं, आणि उठता उठता म्हणाल्या, "हे घराण्यातून येतं. घरात कोणाचा घसा सुजून अचानक मृत्यू? कोणाला वरचेवर पोटदुखीचे झटके?"

माझ्या बाबांची आई माझ्या जन्माआधी घसा बंद होऊन गेली होती. आणि बाबांचं पोट तर गावाला ठाऊक. वर्षातून चार-सहा वेळा गडाबडा लोळायचे, ओकायचे, दोन दिवसांनी उठून वांग्यांना पाणी द्यायला जायचे. त्याला वायू म्हणत.

आधी मला आनंद झाला असं मी सांगितलं तर खोटं होईल. आधी मला संताप आला. एवढा की त्या बाई खोलीतून गेल्यावर मी उशी भिंतीवर फेकली. म्हणजे आईचा काहीच संबंध नव्हता. तिच्या हातांचा नव्हता, फ्रॉकचा नव्हता, शेंगदाण्यांचा नव्हता. गल्लीच्या दोन कडांना बसून आम्ही ओरडत बोललो ती सगळी वर्षं फुकट गेली होती. मला माझी आई हवी होती, तिचा हात माझ्या पाठीवर हवा होता, आणि तो न मिळण्याचं कारणच अस्तित्वात नव्हतं.

मी फोन लावला. सागरने उचलला आणि तिच्या कानाला लावला, कारण ती फोनलाही हात लावत नसे. पुढे कधी तोच फोन माझ्या हाती आला तर, ही तिची भीती.

"माय, मले बिबा उतत नाही. डॉक्टरनी सांगतलं. तुया हातचं नाही ते. रक्तातलं हाय, बाबाकडून आलेलं."

ती म्हणाली, "बरं हाय ना आता तुले?"

"अवं पण ऐकलं काय तू?"

"ऐकलं ना. डाक्टर मानसं चांगलेच असतात बापा. तू जप."

म्हणजे विश्वास बसला नव्हता.

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर मी शेखरसरांकडून महिनाभराची रजा घेतली, रक्ताच्या नळ्या आणि बर्फाचा डबा घेतला आणि एस.टी.ने गावी गेले. डॉक्टर स्वरदांना बाबांचं आणि सागरचं रक्त हवं होतं. गल्लीत शिरले तर समोरच्या ओट्यावर सतरंजी टाकलेलीच होती. मी ती उचलली, गुंडाळली आणि आमच्या घरात घेऊन आले.

आई चुलीपाशी होती. मला दारात बघून ती भिंतीला टेकली आणि तिने हात पाठीमागे नेले. ती किती लहानखुरी झाली होती! गल्लीच्या पलीकडून माणूस लहानच दिसतं, म्हणून मला कधी कळलं नव्हतं.

"भायेर बस वं बाई. भायेर बस. मी येतोच."

"मी इथंच बसन."

"सागऱ्या! हिले ने ना भायेर!"

सागर हसत उभा राहिला. तो आता चांगला दांडगा झाला आहे, पण दगडाची आठवण ठेवून असावा, कारण मला हात लावायला धजला नाही.

बाबांच्या हाताची शीर दोरीसारखी वर आलेली. मी सुई टोचली तर ते म्हणाले, "अशी सफाईनं टोचतं तू, तं लोक काऊन भेतात वं तुले?" सागर डबा घेऊन मोटरसायकलवर मेहकरला गेला, आमच्या लॅबने तो पुढे संभाजीनगरला धाडला, आणि आठवड्याने डॉक्टर स्वरदांचा फोन आला. सागरचं ठीक. बाबांचं कमी, माझ्याइतकंच.

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. आईने सगळं ऐकलं. मग बाबांकडे बघून म्हणाली, "म्हंजे तुमच्या घरचं हाय हे."

"माह्या घरची तं तूही हायेस," बाबा म्हणाले.

मला वाटलं, आता. आता ती उठेल. ती उठली, पण ताट वाढायला. हाताला फडकं गुंडाळून तिने भाकरी माझ्या ताटात टाकली.

"माय, अजून काऊन?"

"रगतात आसंन तुया. मी कुठी नाही म्हनून राह्यलो? पन वारा लागल्याबिगर ते उठत नसन. तू इथं होती तवाच सुरू झालं ना? मंग?"

मी रागाने ताट बाजूला सारलं, मागच्या अंगणात गेले. तिथे तिचा दगड होता, राख होती, टोपलंभर बिब्बे होते. मी तेल लावलं नाही, राखेत हात घोळले नाहीत. एक बिब्बा दगडावर धरला आणि हाणला. पहिला निसटला. दुसरा फुटला आणि काळं तेल माझ्या मनगटावर उडालं. आई मागून किंचाळली. शेजारच्या दोन बायका कुंपणावरून डोकावल्या. हे डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं, म्हणूनच मी विचारलं नव्हतं.

आईने दुरूनच माझ्या हातावर खोबरेल ओतलं आणि दारात जाऊन बसली. तिची नजर माझ्या ओठांवर, डोळ्यांवर. दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. माझं काहीही सुजलं नाही.

"थांब," ती म्हणायची. "उतन."

मी थांबणार नव्हतेच. तिचं काम चालू झालं की मी रोज तिच्याशेजारी जाऊन बसायची. ती सरकायची, मी सरकायची. असं करत एक दिवस आम्ही अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि पुढे गोठ्याची भिंत आली. तिला हसू आलं आणि तिने ते पदराने झाकलं. मी तिला फोडायला मदत करायची, म्हणजे वाट लावायची. माझ्या हातून गोडंबीचे तुकडेच निघायचे. "राह्य दे वं, व्यापारी घेनार नाही," ती कुरकुरायची. आम्ही हळू बोलायला शिकलो. हळू बोलताना तिचा आवाज वेगळाच आहे, थोडा घोगरा. तो मी पहिल्यांदा ऐकत होते. पण हात तिने लावला नाही. मी झोपले की ती माझ्या अंथरुणापासून हात-दोन हातांवर बसून राहायची, एवढंच.

आठ-दहा दिवस होऊन गेले. पुन्हा एकदा तेल उडालं, या वेळी कोपरापर्यंत. मी पुसलं आणि विसरले. दोन दिवसांनी सकाळी उठले ती हात खाजवतच. मनगटापासून वर लाल चट्टे, त्यावर बारीक पाणीदार फोड. खाज अशी की दात-ओठ खावेत. आत कुठेतरी त्या फांद्यांच्या पेशी काखेतल्या गाठीपर्यंत जाऊन आल्या होत्या, दाखवायचं ते दाखवून आल्या होत्या. इतक्या वर्षांत माझ्या अंगाला हे कोणी शिकवलंच नव्हतं. मी अंगणात जाऊन आईसमोर दोन्ही हात पुढे केले, आणि मला हसू आवरत नव्हतं.

"माय, पाह्य. खाजून राह्यलं."

आईने पाहिलं. जवळ आली. वाकून पाहिलं. या गोष्टीत तिला कोणी फसवू शकणार नव्हतं. तिने स्वतःच्या अंगावर हे किती वेळा काढलं असेल कोण जाणे. तिने माझं मनगट धरलं आणि उजेडाकडे वळवलं. धरलं आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिची बोटं खरखरीत होती, आणि गरम.

"हाव," ती म्हणाली. "हा उतला. हा बिबा हाय."

"मग?"

"असाच असते बिबा. फोड येते, खाजते." तिने माझा हात उलटा केला, सुलटा केला. अंगठा फोडांच्या कडेने फिरवला. मग तो अंगठा थांबला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओठांकडे, डोळ्यांकडे, जिथे ती इतकी वर्षं बिब्बा बघत आली होती.

"मंग ते काय होतं?"

माझं सांगून झालं होतं, फोनवर, घरात, डॉक्टरांच्या तोंडून. तिला ते आत्ता ऐकू येत होतं.

"ते खाजलं नाही कधी तुले," ती म्हणाली. "फोड नव्हते त्याले. मले दिसत नव्हतं काय? मले तं बिबा वळखू येते ना?" ती खाली बसली, माझा हात तसाच धरून, त्यामुळे मलाही बसावं लागलं. "मंग मी तुले काऊन धाडलं वं?"

"माय, जाऊ दे."

"काऊन धाडलं? त्या दिशी दोनदा आंघोळ घातली तुले. राखीनं घासलं. एस.टी. आली तवा तू चढं ना. मले म्हने, माय, मले आखीन एक डाव आंघोळ घाल, पन धाडू नको."

मला हे काहीच आठवत नव्हतं. मला फक्त खिडकी आठवते आणि खिडकीबाहेर आई, हात पदराखाली. मी असं म्हटलं होतं हे ती एकटीच इतकी वर्षं घेऊन बसली होती.

ती रडत होती आणि रडता रडता कामाशेजारी ठेवलेल्या वाटीतलं, उतलेल्या बिब्ब्यावरचं तीळ-खोबऱ्याचं वाटण माझ्या हातांना लावत होती, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटावर, कोपरावर, जिथे फोड नव्हते तिथेही. मग मानेला लावलं. मग गालाला, ज्याला काहीही झालेलं नव्हतं. मी गप्प बसून ते करून घेत होते. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प बसलेले नाही.

बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "मंग घाल आता आंघोळ."

तिने नाक पुसलं आणि मान हलवली. "बिबा उतल्यावर पानी लावत नसतात. चार दिवस थांब."

मी शेखरसरांना फोन करून रजा वाढवून मागितली.